एकदाच विचारणारी माणसं

मुलगी फोनवर म्हणाली, "पप्पा, इथे मला कोणी विचारतच नाही," आणि मला अख्ख्या स्वीडन देशाचा राग आला.

तसा राग मला लवकरच येतो. मी रेल्वेत तिकीटखिडकीवर आयुष्य काढलं, त्यातली शेवटची बरीच वर्षं डहाणूला, आणि खिडकीवरच्या माणसाला राग पगाराबरोबरच मिळतो. पण हा राग वेगळा होता. आमची एकुलती एक मुलगी इंजिनिअर होऊन दीड वर्षापूर्वी स्वीडनमधल्या एका लहानशा गावात नोकरीला गेली होती. गाव कसलं, आपल्या तलासरीएवढंच, फक्त बर्फातलं. दर रविवारी आमची जेवणं उरकली की तिचा फोन यायचा. तिच्याकडे तेव्हा सकाळ असायची, मागे खिडकीत करडं आभाळ दिसायचं आणि ती आमच्याशी तास-दीड तास बोलत बसायची. बायकोला याचं फार कौतुक. "बघा, आईबापाला विसरली नाही." मला मात्र वेगळंच खुपायचं. सुट्टीच्या दिवशी तरण्या मुलीला आईबापाशी दीड तास बोलायला वेळ मिळतोच कसा?

ते त्या डिसेंबरातल्या रविवारी कळलं. काम छान आहे म्हणाली, माणसंही चांगली आहेत, दार धरून ठेवतात, हसून बोलतात. पण शुक्रवारी संध्याकाळ झाली की सगळे मिळून कुठे कुठे जातात आणि ही घरी येऊन खिचडी लावते. मार्चअखेर नोकरीचा करार संपत होता. त्यांनी पुढचं विचारलं तर नाही म्हणेन आणि परत येईन, असं तिने ठरवून टाकलं होतं.

"येऊ दे की," फोन ठेवल्यावर बायको म्हणाली.

मलाही तेच हवं होतं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे मी उगाच फार मोठ्या मनाचा वाटेन. ती परत आली असती तर सगळ्यांत जास्त आनंद मला झाला असता. पण काम आवडत असताना, कोणी बोलावलं नाही एवढ्यासाठी तोंड पाडून आलेली मुलगी मला दारात नको होती. ती माझी मुलगी आहे. तिने यावं तर ताठ मानेने यावं.

म्हणून मी स्वीडिश शिकायचं ठरवलं. बायकोला सांगितलं, मेंदूला व्यायाम होतो. खरं कारण एवढंच होतं की, या लोकांना झालंय तरी काय, ते मला त्यांच्याच भाषेत समजून घ्यायचं होतं, आणि जमलं तर चार शब्द सुनवायचेही होते.

शिकवणी इंटरनेटवर मिळाली. तिकडच्या एक निवृत्त शिक्षिका दर बुधवारी चार वाजता, आमच्या चहाच्या वेळी, पडद्यावर यायच्या. आमची मधली भाषा इंग्रजी. दोघांचीही सारखीच मोडकी, त्यामुळे छान जमलं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, काय शिकायचंय? दुकानातलं, प्रवासातलं, दवाखान्यातलं? मी म्हटलं, तुमच्याकडे माणूस माणसाला 'चल' कसं म्हणतो ते शिकवा.

बाई खूश झाल्या. म्हणाल्या, त्यासाठी आमच्याकडे क्रियापदाला शेपूट लावतात. साधं क्रियापद घ्यायचं, मागे एक बारकं शेपूट जोडायचं, की ते क्रियापद चार माणसांत मिसळायला लागतं. 'व्हारा' म्हणजे असणे. 'व्हारा मे' म्हणजे खेळात, गप्पांत, जे चाललंय त्यात सामील असणे. 'फोल्या मे' म्हणजे सोबत जाणे. 'तित्ता इन' म्हणजे जाता जाता कोणाकडे डोकावणे. 'हित्ता पो' म्हणजे मिळून काहीतरी बेत काढणे. 'हाका पो' म्हणजे दुसऱ्यांच्या ठरलेल्या बेताला आपणही जाऊन हुक अडकवणे. हे मला लगेच समजलं, रेल्वेत डबे असेच जोडतात. आणि सगळ्यांत जास्त चालणारं 'हेंगा मे'. हेंगा म्हणजे टांगणे, लटकणे. "हेंगर दू मे?" म्हणजे, आम्ही निघालोय, येतेस का?

मी जोरात सराव सुरू केला. सकाळी समुद्रावर सुरूच्या झाडांना विचारायचो, हेंगर दू मे? मासळी बाजारात बोंबील निवडताना पुटपुटायचो. एकदा पिशवी घेऊन दारात उभा राहिलो आणि बायकोलाच विचारलं. अर्थही सांगितला.

"सरळ बाजारात येतेस का म्हणा," ती म्हणाली. "टांगायला मी काय खुंटीवरची छत्री आहे?"

तिसऱ्या की चौथ्या बुधवारी बाईंनी संभाषण घेतलं. त्या माझ्या ऑफिसातल्या सहकारी, मी नवा माणूस. त्या म्हणाल्या, आम्ही फीकाला चाललोय, हेंगर दू मे? फीका म्हणजे कॉफी आणि सोबत काहीतरी गोड. मी चेहऱ्यावर अदब आणून गोड आवाजात म्हटलं, "नाय, नाय, ताक." त्यांच्यात 'ताक' म्हणजे आभार.

"ओके!" बाई म्हणाल्या आणि पुढच्या वाक्याकडे वळल्या.

मी थांबलो. बाईंनी विचारलं, काही अडलं का?

मी म्हटलं, तुम्ही परत विचारलंच नाही.

"तुम्ही नको म्हणालात."

"ते पहिलं 'नको' होतं."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग मी त्यांना नीट समजावलं. आमच्याकडे पहिलं नको हे वळण म्हणून म्हणायचं असतं. दुसरं नको समोरचा मनापासून विचारतोय का ते बघायला. तिसऱ्यांदा विचारलं की "तुम्ही काही ऐकायचे नाही" असं म्हणत उठायचं आणि पोटभर खायचं. बाईंनी चष्मा काढला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या. म्हणाल्या, आमच्याकडे परत विचारणं वाईट दिसतं. तुमच्या शब्दावर माझा विश्वास नाही असा त्याचा अर्थ होतो. नको म्हणणाऱ्याला आम्ही सोडून देतो, तो त्याचा मान आहे.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिकीट पाहिजे की नको? नको? पुढचा. अख्खा देशच तिकीटखिडकीवर बसला होता, आणि आयुष्यभर तेच केलेल्या मला ते ओळखू आलं नव्हतं.

रविवारी मी मुलीला सरळ विचारलं, "तुला खरंच कोणीच कधी विचारलं नाही?"

"सुरुवातीला विचारायचे."

"कशाला?"

"फीकाला. मग रानात मशरूम गोळा करायला. एकदा हॉकीच्या मॅचला. आणि एकीचं तळ्याकाठी लाकडी घर आहे, तिकडे."

"मग तू काय म्हणालीस?"

"नको नको, तुम्ही जा."

"मग?"

"मग ते गेले."

"म्हणजे काय?" बायको म्हणाली. "नुसते गेले? अगं बाई, कसली ही माणसं." बायकोचंही बरोबरच होतं. पोरीने आमच्या घरचं सगळं वळण पाळलं होतं आणि त्या वळणापायी दीड वर्ष एकटी खिचडी खाल्ली होती.

मी म्हटलं, आता विचारलं की पहिल्या फटक्यात हो म्हणायचं. सोपं तर आहे. स्वीडिशमध्ये 'हो'ला 'या' म्हणतात, आपण पाहुण्याला दारात म्हणतो तेच.

"नाही जमत, पप्पा. तोंड उघडलं की आतून आपोआप नकोच येतं. तुम्हाला तरी जमेल का?"

"मला? न जमायला काय झालं?"

"मग करून दाखवा."

तिथेच पैज लागली. तिचं पहिलं 'या' निघेपर्यंत, डहाणूत मला जो कोणी जे काही विचारेल, त्याला मी पहिल्याच वेळी हो म्हणायचं. ही गोष्ट आम्हा दोघांतच राहिली. बायको तेव्हा दूध बघायला आत गेली होती, आणि डहाणूला अर्थातच काही माहीत नव्हतं.

आता, आमच्याकडे जेवणाच्या वेळी उघड्या दारावरून गेलं की आतला माणूस घास हातात धरून म्हणतो, "या जेवायला." आपण म्हणायचं, "बसा, बसा, आत्ताच झालं." वळणावर गाडी शिटी देते ती काही तुम्हाला चढायला सांगत नाही, तसंच हे.

आमच्या खालच्या मजल्यावर गुजराती शेठ राहतात, त्यांचं कापडाचं दुकान आहे. दुपारी दार उघडं टाकून ते जेवायला बसतात आणि मला जिन्यात पाहिलं की म्हणतात, "आवो आवो, साहेब, जमवा बेसी जाव." आम्ही इथे राहायला आलो तेव्हापासून ते हे म्हणतात आणि तेव्हापासून मी छातीवर हात ठेवून पुढे जातो. त्या सोमवारी मी म्हटलं, "हो, बसतो," आणि चपला काढल्या.

शेठचा घास ताटलीतच राहिला. आत शेठाणींची पळी कुठेतरी आपटली. पण माणसं खानदानी. पाट आला, ताट आलं, दोघांपुरत्या डाळभातात तिसऱ्याचा डाळभात झाला, आतून गरम रोटल्या येत राहिल्या. शेठ मात्र जेवेनात. ते माझा चेहरा वाचत होते. शेवटी आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "घरे बधुं बराबर छे ने? भाभी?"

मी म्हटलं, सगळं छान आहे. त्याने त्यांची काळजी आणखीच वाढली.

संध्याकाळी शेठाणी वाटीभर श्रीखंड घेऊन वर आल्या आणि बायकोचा हात हातात घेऊन म्हणाल्या, भांडणं सगळ्यांच्याच घरात होतात, पण माणसाला उपाशी ठेवू नये. बायकोला काय झालंय ते अशा प्रकारे समजलं. पुढचा तास मी सांगत नाही. पैजेचं ऐकल्यावर ती एवढंच म्हणाली, "पोरीसाठी करताय म्हणून सोडते. पण आपल्या जिन्यात परत नको."

म्हणून मी जिन्याबाहेर पडलो. घोलवडला माझा एक जुना सहकारी आहे, नोकरी सोडून वडिलांची चिकूची वाडी बघतो. भेटला की नेहमी म्हणतो, या एकदा वाडीवर, राहायलाच या. त्या आठवड्यात स्टेशनबाहेर भेटला आणि सवयीने तेच म्हणाला. मी म्हटलं, "येतो. उद्या येऊ?"

तो कसनुसा हसला. चिकूची तोड जोरात होती, माल पाठवायचा होता, घरात कोणालाच बसायला वेळ नव्हता. मी पोहोचल्यावर वहिनींनी चहा दिला आणि मग, माझ्याशी बोलायला कोणीच नसल्याने, मला चिकूच्या ढिगाजवळ नेऊन बसवलं. मोठे इकडे, मधले तिकडे, बारके टोपलीत. पाहुणा म्हणून गेलो आणि दिवसभर चिकू निवडत बसलो. कमरेचा पार बोऱ्या वाजला. पण गंमत सांगतो, हातात काम असलं की बोलायला विषय शोधावा लागत नाही. त्या ढिगाभोवती बसून मी रेल्वेतल्या सगळ्या जुन्या भानगडी सांगितल्या आणि त्यांच्या वाडीतल्या सगळ्या ऐकल्या. निघताना मित्र म्हणाला, "परत कधी येताय?" हे त्याने अगदी मनापासून विचारलं. दुसऱ्या दिवशी ट्रक भरायचा होता.

तिसरी गोष्ट झरीच्या रस्त्यावरची. तलासरीला एका कामासाठी गेलो होतो. काम झालं नाही म्हणून चिडून, जरा वारा खाऊन येऊ म्हणत, स्कूटर झरीकडे वळवली आणि ती मधेच पंक्चर झाली. पाड्यावरचा एक मुलगा चाक घेऊन गेला. समोरच्या घराच्या ओट्यावर मंडळी जेवत होती. म्हातारबाबांनी मान वर केली. "ये, जेवाला बस." तिकडे लहानमोठ्या सगळ्यांनाच अरे-तुरे.

मी म्हटलं, "बसतो."

आणि काहीच झालं नाही. कोणाचा घास थांबला नाही. एक बाई जरा सरकली, ताटली आली. भात, उडदाची डाळ, भाजलेल्या सुक्या बोंबलाची चटणी. भाताचं भांडं मध्ये ठेवलेलं, लागेल त्याने घ्यायचं. आणखी घे, लाजू नको, असं कोणी म्हणालं नाही, त्यामुळे मी दोनदा घेतला. मी कोण, कुठला, हेही हात धुऊन झाल्यावरच विचारलं. उठताना मी सवयीने म्हटलं, "उगाच त्रास दिला तुम्हाला."

"कसला?" म्हातारबाबांना खरंच कळलं नाही. मग म्हणाले, "परत आलास तं येताना तंबाखू आण."

स्वीडनला जायला मला व्हिसा लागला असता. झरीला पंक्चरवर भागलं.

हे सगळं मी दर रविवारी मुलीला सांगायचो, अगदी शेठच्या घासापासून. ती पोट धरून हसायची. ते हसणं खरं होतं, कॅमेऱ्यासाठी केलेलं नव्हतं, आणि ते ऐकायला मी वाटेल त्याच्या घरी जेवलो असतो.

मग फेब्रुवारीत एका रविवारी फोन आलाच नाही. बायकोने ओटा दोनदा पुसला. संध्याकाळी फोन आला तेव्हा पडद्यावर लोकरीची टोपी, तिच्याखालून निथळणारे केस आणि निळे पडलेले ओठ दिसले.

"पप्पा, मी 'या' म्हटलं," ती म्हणाली. "शुक्रवारी एकीने विचारलं, रविवारी तळ्यावर चाललोय, हेंगर दू मे? तिचं वाक्य संपायच्या आत म्हटलं. मग कळलं की आंघोळीला चाललेत."

"या थंडीत?"

"तळं गोठलंय, पप्पा. बर्फाला भोक पाडतात आणि त्यात उतरतात. हो म्हणून बसले होते, करणार काय?"

बायकोने कपाळाला हात लावला. तिने हळद-दूध, आलं, विक्स, सगळं सांगून घेतलं. मला तेव्हा फार अभिमान वाटत होता. मागे कोणीतरी तिला हाक मारली. ती म्हणाली, "ठेवते हं, थांबलेत सगळे," आणि फोन बंद झाला. तीन मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

त्यानंतरचे रविवार असेच गेले. कधी दहा मिनिटं, कधी बसमधून, कधी नुसता फोटो, त्यात अनोळखी माणसांच्या मधोमध आमची मुलगी. आम्हाला हेच हवं होतं. तरी जेवणं झाल्यावर ती दुपार फार मोठी वाटायला लागली. पैज संपली होती आणि मला आता कोणाच्या घरी जेवायला जायचंही कारण उरलं नव्हतं.

मार्चच्या सुरुवातीला तिचा नीट फोन आला. खुर्चीवर बसून, समोर कॅमेरा ठेवून. "पप्पा, त्यांनी अजून दोन वर्षांसाठी विचारलंय. राहू का?"

"राहा," मी म्हटलं. पहिल्याच फटक्यात. घास थांबला नाही, पापणी लवली नाही. आता मी तयार झालो होतो.

"बरं," ती म्हणाली. "मग कळवते त्यांना." आणि जरा इकडचं तिकडचं बोलून फोन ठेवला.

मी खुशीत बायकोकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"एकदा तरी नको म्हणायचं होतंत," ती म्हणाली.

"का? तिचं चांगलंच होतंय ना तिथे?"

"अहो, ती काय तिकडच्या माणसासारखी विचारत होती? आपल्यासारखी विचारत होती. राहणार तर ती होतीच. तिला फक्त ऐकायचं होतं की ती घरात हवी आहे. आणि तुम्ही खिडकीवर बसल्यासारखं म्हणालात, राहा. पुढचा."

ती हवी आहे हे डिसेंबरपासून मला एकट्याला माहीत होतं. मी ते बायकोला सांगितलं नव्हतं, सुरूच्या झाडांनासुद्धा सांगितलं नव्हतं, आणि जिला सांगायचं तिने विचारलं तेव्हा मी हुशारी दाखवून बसलो.

मी फोन उचलला. फोन नेहमी ती करायची, मी कधी केला नव्हता. ती घाबरूनच बोलली. "काय झालं, पप्पा?"

"नको राहू," मी म्हटलं. "ये परत."

"अहो, पण आत्ताच तर—"

"ते जाऊ दे. दोन वर्षं कशाला पाहिजेत तिकडे? ये घरी."

तिचा आवाज आला तो लहानपणचा होता. "नको, पप्पा. राहते. आता चांगलं वाटतंय इथे."

"अगं, आंबे येतील आता. तू नसलीस की घरात करमत नाही मला. ये."

"नको ना."

मी थांबलो. पाठीमागून बायको हळूच म्हणाली, "अजून एकदा."

"बाळा, ये ना," मी म्हटलं.

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज झाला. ती रडत होती की हसत, मला कळलं नाही, बहुधा दोन्ही. "तुम्ही काही ऐकायचे नाही," ती म्हणाली. "मे महिन्यात रजा टाकते. पूर्ण महिना येते. पण मग परत जाणार हं."

"जा की," मी म्हटलं.

बुधवारी हे सगळं मी स्वीडिश बाईंना सांगितलं आणि विचारलं, परत परत विचारण्याला तुमच्याकडे कुठलं शेपूट आहे? बाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, असं शेपूट आमच्याकडे नाही, आणि मला विचारलं की मराठीत त्याला काय म्हणतात.